पाना होता की नव्हता

सोमवार, ४ मार्च

नणंदबाई आज दुपारी दोषी ठरल्या आणि संध्याकाळी आमच्याकडे राहायला आल्या. दोन्ही निकाल माझ्याविरुद्ध गेले असं मी म्हणणार नाही. पहिल्याबद्दल मला कोणी विचारलं नव्हतं आणि दुसऱ्याबद्दलही.

न्यायाधीशांनी सांगितलं, निष्काळजीपणानं माणूस मारला हे सिद्ध झालंय, शिक्षा किती ते महिनाअखेरीस. तोवर जामीन. त्यांच्या घराबाहेर दोन्ही बाजूंची माणसं फलक घेऊन उभी, म्हणून माझा नवरा आपल्या बहिणीला बॅगेसकट इकडे घेऊन आला. वाटेतून फोन केला, ताईला आणतोय, खोली आवर. खोली म्हणजे माझी खोली. तिथं माझं शिवणयंत्र असतं, इस्त्रीचं टेबल असतं आणि नवऱ्याशी अबोला धरायची माझी कायमची जागा असते.

घडलं ते सगळ्या शहराला पाठ आहे. तरी लिहून ठेवते, कारण पाठ असलेलं प्रत्येकाचं वेगळं आहे. गेल्या वर्षी दरोडेखोर स्कूटरवरून पळाल्याचा निरोप आला आणि नाकाबंदी लागली. नणंदबाई तिथल्या प्रमुख. एक स्कूटर अडवली. तिच्यावर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस होता, काम उरकून घरी चाललेला. नणंदबाईंच्या पिस्तुलातून गोळी सुटली आणि तो जागच्या जागी गेला. दरोडेखोर दुसऱ्याच रस्त्यानं गेले होते. वकिलानं बचाव असा केला की त्याच्या हातात काहीतरी चमकलं, बाईंना पिस्तूल वाटलं, तो पाना होता. फिर्यादी म्हणाले, पाना पिशवीत होता. न्यायाधीश म्हणाले, पाना असो वा नसो, नीट बघायला हवं होतं. थोडक्यात, नणंदबाई अडकल्या आणि पाना अजून मोकळा फिरतोय.

जेवणासाठी बटाटे कुकरला लावले होते. शिट्टी होणार एवढ्यात नणंदबाई उठल्या आणि गॅस बंद केला. मी म्हटलं, ताई, अजून व्हायचंय. म्हणाल्या, झालंय. बटाटे दगड. येऊन तास झाला नाही तोवर स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पोलीसच त्या.

मंगळवार, ५ मार्च

मी दाताच्या दवाखान्यात नोंदणीला बसते. गरज पडली की आत जाऊन रुग्णाच्या तोंडात लाळ ओढायची नळीही धरते. माझं माहेरचं आडनाव तिथं चालतं, त्यामुळे मी कोणाची भावजय हे कोणाला ठाऊक नाही. चर्चा ऐकायला याच्याइतकी सोयीची जागा नाही.

आमच्या डॉक्टरांची चर्चेची पद्धत ठरलेली आहे. आधी रुग्णाच्या गालात कापसाचे बोळे, मग नळी, मग मत. सकाळी खुर्चीत एक निवृत्त लष्करी गृहस्थ होते, तर डॉक्टर म्हणाले, पोलिसांनी आता काय आधी अर्ज मागवायचा आणि मग गोळी घालायची? गृहस्थ म्हणाले, आँ. डॉक्टर म्हणाले, तेच तर. दुपारी कायदा शिकवणाऱ्या बाई आल्या, तेव्हा डॉक्टरांनी दाढ उपटायचा चिमटा दिव्यासमोर धरला. हासुद्धा चमकतो, म्हणाले, मग मलाही उडवणार का? बाई म्हणाल्या, आँ. तेही पटलं.

घरी आले तर कुकरची शिट्टीच काढून वरच्या फळीवर ठेवलेली. स्टूल घेऊन उतरवली. बायका एकमेकींची हद्द अशीच मोजतात.

गुरुवार, ७ मार्च

आज गादीवाले आले. कोपऱ्यावर त्यांचं गाद्यांचं दुकान आहे आणि ते वर्दी सन्मान समितीचे अध्यक्ष आहेत. हीच समिती मागच्या वर्षी भटक्या कुत्र्यांविरुद्ध होती. फलक जुनेच वापरलेत. पुढून नणंदबाईंचा फोटो, उलटून बघितलं तर कुत्रं.

नवऱ्याला श्रोता मिळाला की सुटतोच. ताई नेमबाजीत कायम पहिली यायची, सांगत होता. एकदा तो सरावाच्या मैदानावर बघायला गेला होता. सगळे ओळीत उभे. प्रशिक्षकानं शिट्टी मारली की गोळी झाडायची. बाकीच्यांचं बोट हलायच्या आत हिची गोळी निशाणावर. कितीतरी वर्षं हेच. झोपेतून उठवून शिट्टी मारली असती तरी हिचा नेम चुकला नसता, असं म्हणत त्यानं तोंडात बोटं घालून प्रात्यक्षिक दाखवायची तयारी केली.

नणंदबाई तडक उठून आत निघून गेल्या. पाहुणे बसलेले, निम्मा चहा कपात, आणि ह्या चालत्या. मीच ओशाळी होऊन आणखी बिस्किटं वाढली. कौतुकाचा एवढा कंटाळा येत असेल तर बरंय बाई, आम्हाला कोणी करत नाही.

गादीवाले मात्र खूश झाले. जाताना म्हणाले, वहिनी, एक कल्पना सुचलीय. त्यांना कल्पना सुचली की गल्लीला सुट्टी नसते.

रविवार, १० मार्च

माझी खोली मला परत मिळाली आणि मला मुळीच आनंद झालेला नाही.

खोलीची खिडकी शाळेच्या मैदानावर उघडते. सकाळी मुलांची कवायत सुरू झाली की नणंदबाई तिथून उठतात आणि मागच्या अडगळीच्या खोलीत जाऊन बसतात, जुना पंखा, रिकामी खोकी आणि नवऱ्याचा व्यायामाचा दांडा यांच्यामध्ये. आज कायमच्याच तिकडे गेल्या. नवरा म्हणाला, अगं ताई, इथं हवा नाही. म्हणाल्या, हवेची सवय मोडायला हवीच आता. नवऱ्याचा चेहरा पडला. मी समजले, हे माझ्यासाठी होतं. उद्या नातेवाइकांत सांगायला बरं, भावजयीनं अडगळीत ठेवलं म्हणून.

दुपारी टीव्हीवर पाना आणि पिस्तूल शेजारी शेजारी ठेवून वाद चालू होता. एका बाजूला निवृत्त अधिकारी, दुसऱ्या बाजूला लिफ्टवाल्यासाठी फलक धरणाऱ्या न्याय मंचाच्या बाई, मध्ये अवजारांच्या दुकानाचा मालक. तिघेही एकदम बोलत होते. मालक सांगत होता की हा पाना लिफ्टचा नव्हेच, नळाचा आहे. त्याचं एकट्याचं कोणी ऐकलं नाही. नणंदबाईंनी येऊन टीव्ही बंद केला आणि बीन्सच्या शेंगा मोडायला घेतल्या. माणूस मारून हे इतकं शांत कसं राहता येतं? परवा माझी फोडणी करपली तर मला दिवसभर चैन पडली नाही.

बुधवार, १३ मार्च

लिफ्टवाल्याची बायको आज दवाखान्यात आली.

टीव्हीवर बघितल्यामुळे मी लगेच ओळखलं. डॉक्टरांनी ओळखलं नाही, कारण ते रुग्णाचं तोंड फक्त आतून बघतात. झोपेत दात खाऊन खाऊन तिची दाढ फुटली होती. डॉक्टरांनी सुई दिली, बोळे घातले, मला नळी धरायला बोलावलं आणि नेहमीसारखे सुरू झाले. पाना असणारच हो, म्हणाले, उगाच कोण गोळी झाडेल? आणि ही माणसं खिशात काय काय घेऊन हिंडतात, तुम्हाला कल्पना नाही.

ती छताकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, दुखतंय का, थोडंच राहिलंय. मी नळी धरून उभी. नळी सरकली आणि तिच्या गालाला चिकटून चमत्कारिक आवाज निघाला. मला हसू आलं. भीतीनं येतं तसलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

बोळे निघाल्यावर तिनं चूळ भरली आणि बधिर ओठांनी जमेल तसं म्हणाली, "तो माझा नवरा होता."

डॉक्टर गप्प झाले. इतक्या वर्षांत त्यांना मी रुग्णाआधी गप्प झालेलं बघितलं नव्हतं.

बाहेर माझ्या टेबलाशी पुढची तारीख घ्यायला थांबली. म्हणाली, शाळेत माझ्या मुलीला पानेवाली म्हणतात. तुझ्या बापानं पोलीसबाईवर पाना उगारला म्हणतात. ती जायचं नाही म्हणते. मग म्हणाली, "मला त्या बाईला फाशी नको, काही नको. पाना नव्हता एवढं तिनं एकदा म्हणावं. न्यायाधीश म्हणतात, असो वा नसो. असो वा नसो असं म्हणून मुलीला शाळेत कसं पाठवायचं?"

मी कोण ते सांगितलं नाही. दाढेवर टोपी बसवायची तारीख लिहून दिली.

शुक्रवार, १५ मार्च

वकील आला होता. शिक्षा ठरवायच्या दिवशी न्यायाधीश विचारतात, काही सांगायचंय का. त्याचं उत्तर त्यानं टाईप करून आणलंय. "अंधुक उजेडात काहीतरी चमकलं, जिवाची भीती वाटली, घडल्याचं दुःख आहे." दुःख शब्दाच्या आधी थोडं थांबा, म्हणाला. नणंदबाईंनी किराणामालाची यादी वाचावी तसं वाचून दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, जरा भावना. त्या म्हणाल्या, कुठल्या ओळीत?

पुढचं अपील सगळं त्या चमकण्यावर उभं आहे, असं त्यानं आम्हाला दोनदोनदा बजावलं. मी चहा देताना सरळ विचारलं, ताई, होता का हो पाना? वकील म्हणाला, हा प्रश्न घरातसुद्धा विचारायचा नाही. नणंदबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं रागावल्या. मग म्हणाल्या, साखर कमी आहे.

मला त्या दाढवालीचं सांगायचं होतं. ह्या दगडापुढे काय डोकं फोडायचं म्हणून राहिलं.

मंगळवार, १९ मार्च

आज जे बघितलं ते नीट लिहायला हवं.

गादीवाल्यांची कल्पना प्रकट झाली. सन्मानशिट्टी. लाल प्लॅस्टिकची, निळ्या दोरीची. नवऱ्यानं सांगितलेली मैदानावरची गोष्ट त्यांना इतकी भिडली की शिट्टी हेच समितीचं चिन्ह ठरलं. शिक्षा ठरायच्या दिवशी न्यायालयासमोर सगळ्यांनी एकदम वाजवायची. आज आमच्या खिडकीखाली रंगीत तालीम होती. गल्लीतली एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं दोऱ्या गळ्यात घालून उभी. नवरा मोठ्या हौसेनं खाली उतरला होता.

मी आणि नणंदबाई स्वयंपाकघरात. मी भांडी पुसत होते. त्यांनी चहाचं आधण ठेवून गॅस पेटवला होता, लायटर अजून हातातच होता. खालून गादीवाल्यांनी एक, दोन, तीन केलं आणि शिट्टी वाजली.

लायटर टक् वाजला.

मी म्हणणार होते, ताई, पेटलाय की गॅस. तेवढ्यात दुसरी शिट्टी. टक्. पुन्हा शिट्टी, पुन्हा टक्. शिट्टी आणि टक् यांच्यामध्ये कागद सरकणार नाही. त्या लायटरकडे बघतसुद्धा नव्हत्या, समोरच्या फरशीकडे बघत होत्या. चेहरा झोपलेल्या माणसासारखा. मग खाली सगळ्यांनी एकदम वाजवायला सुरुवात केली आणि ते बोट चालूच राहिलं. त्यांनी दुसऱ्या हातानं ते धरलं, तरी चालू.

मी खिडकी लावून घेतली. लायटर त्यांच्या हातातून सोडवायला जोर लागला. मग मला सगळंच एकदम दिसलं. फळीवरची शिट्टी, कच्चे बटाटे, शाळेची कवायत, अडगळीची खोली. आणि मी बाई हद्दी मोजत बसले होते.

मी विचारलं, "ताई, तिथं नाक्यावर शिट्टी वाजली होती का?"

म्हणाल्या, "ट्रॅफिकवाल्यानं ट्रकला मारली. माझ्या पाठीमागून."

"आणि पाना?"

"नव्हता गं. हातात लायसन्स होतं. मीच मागितलं होतं."

चहाचं पाणी आटून पातेलं काळं पडलं. दोघींपैकी कोणीच उठलं नाही.

बुधवार, २० मार्च

घरात तीन माणसं आणि तीन पक्ष.

वकिलाला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. नणंदबाईंनी त्यालाच आधी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "मॅडम, घाबरलेल्या पोलिसाला लोक समजून घेतील. भीती माणसाची असते, सवय कुत्र्याची. शिट्टी वाजली आणि गोळी सुटली म्हणालात तर संपलंच." खात्यातल्या वरिष्ठांनीही तेच सुचवलं, जरा गोड भाषेत. नाहीतर मैदान, प्रशिक्षक, सराव सगळंच उकरलं गेलं असतं. शिवाय तो ट्रॅफिकवाला नवा, कोवळा. त्यानं आपलं काम केलं होतं. नाव निघालं असतं तर त्याची झोप गेली असती. मग एकानं चमकलं म्हटलं, दुसऱ्यानं पाना म्हटलं, आणि ह्यांनी नाही म्हटलं नाही.

आता न्यायालयात खरं सांगणार म्हणतात. नवरा हात जोडून बसला. ताई, अपील जाईल, शिक्षा वाढेल, तू म्हातारी होऊन बाहेर येशील, आणि गेलेला माणूस काही परत येणार नाही. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, तू तरी सांग तिला.

मी दाढवालीचं सांगितलं. पानेवालीचंही.

नवरा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच शिट्टी मारली. नणंदबाईंनी एकच विचारलं, मुलगी कितवीत आहे. मला माहीत नव्हतं. दाताच्या कार्डावर ते लिहीत नाहीत.

गुरुवार, २१ मार्च

गादीवाल्यांकडे गेले. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलं की शिट्टी चावून वाजवली की पुढचे दात खिळखिळे होतात, आमच्या डॉक्टरांकडे या आठवड्यात किती जण आलेत. गादीवाल्यांचे वरचे पुढचे चार आमच्याकडेच बसवलेले आहेत. त्यांनी जिभेनं चाचपून बघितले. मग म्हणाले, समितीला सार्वजनिक आरोग्याचं भान ठेवावंच लागतं. त्या दिवशी न्यायालयासमोर नुसत्या टाळ्या.

डॉक्टरांच्या नावावर मी एवढी मोठी थाप मारली, आणि त्यांच्या आजवरच्या सगळ्या मतांपेक्षा हे एकच उपयोगी पडलं.

रविवार, २४ मार्च

काही नाही. नवरा कोणाशी बोलत नाही. बटाटे उघड्या पातेल्यात शिजवते आता. वेळ लागतो, पण शिजतात.

गुरुवार, २८ मार्च

न्यायालयात फारच लहान खोली होती. टीव्हीवर सगळं मोठं दिसतं. भिंतीला ओल, पंख्याला कुरकुर, आणि न्यायाधीशांना सर्दी. डावीकडे न्याय मंच, उजवीकडे समिती, लग्नघरातल्या दोन पक्षांसारखे. मला जागा मिळाली ती नेमकी लिफ्टवाल्याच्या बायकोच्या मागे.

न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचंय का. वकिलानं कागद पुढे केला. नणंदबाईंनी तो घेतला, नीट घडी घातली आणि त्याच्याच हातात परत दिला. त्याचा चेहरा भूल न देता दाढ काढल्यासारखा झाला.

मग त्या बोलल्या. आवाज इतका खाली की मागे आम्हाला निम्मंच ऐकू आलं.

माझ्या पुढ्यातली लिफ्टवाल्याची बायको उठून उभी राहिली. "मोठ्यानं," म्हणाली.

न्यायाधीश म्हणाले, मध्ये बोलायचं नाही, खाली बसा. नाक पुसलं. मग नणंदबाईंना म्हणाले, "पुन्हा सांगा. मोठ्यानं."

"त्याच्या हातात पाना नव्हता. लायसन्स होतं, मी मागितलेलं. त्यानं हात उगारला नाही. मला भीती वाटली नव्हती. तो हसत होता, मी पिस्तूल खाली घेणारच होते, पण घेतलं नव्हतं. मागे शिट्टी वाजली आणि माझं बोट हललं. आमचा सराव तसा आहे. शिट्टी मारणाऱ्याचा दोष नाही. पाना मी बघितलाच नाही. बघितला असं म्हणू दिलं."

न्यायाधीशांनी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही. म्हणाल्या, भीती सांगितली तर समजून घेतील असं सगळे म्हणाले.

वकिलाच्या अंदाजापेक्षा शिक्षा जास्त झाली. नवरा माझा हात धरून बसला होता. अबोला कधी सुटला ते कळलंच नाही.

बाहेर दोन्ही बाजूंची पंचाईत झाली. गादीवाले म्हणाले, ही समितीची शुद्ध फसवणूक आहे, आणि टाळ्या न वाजवता निघाले. न्याय मंचाच्या फलकांवर "घाबरट पोलीस" लिहिलेलं होतं, तेही वाया गेलं. त्यांच्या बाई कोणाला तरी फोनवर सांगत होत्या की ही नवी चाल आहे. आत्ता टीव्हीवर वाद चालू आहे. विषय आहे, शिट्टी होती की नव्हती.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. पायऱ्यांजवळ लिफ्टवाल्याच्या बायकोनं मला गाठलं.

"तुम्ही दाताच्या दवाखान्यातल्या ना? इथं कशा?"

"मी तिची भावजय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि बसावीच. ती म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंत तर मी उठून गेले असते. दाढ तशीच राहिली असती." मग म्हणाली, "तिच्याशी मला बोलायचं नाही. माफ वगैरे काही केलेलं नाही, तेही सांगा. पण तुम्ही भेटायला जालच. एवढं विचारा, तो हसत का होता?"

शनिवार, ६ एप्रिल

तुरुंगात भेटीच्या खोलीत जाड काच असते आणि बोलायला फोन. माझ्या बाजूचा फोन कोणीतरी चघळल्यासारखा होता. नणंदबाई बारीक झाल्यात. आल्याआल्या म्हणाल्या, तू का रडतेस, तुला शोभत नाही. मी म्हटलं, सर्दी आहे, न्यायाधीशांची लागली.

मग विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं, आठवावं लागलं नाही.

मी म्हटलं, ताई, इतके दिवस हे कोणाला का नाही सांगितलंत?

म्हणाल्या, "विचारलंच नाही कोणी. सगळ्यांना पान्याचंच पडलं होतं."

बुधवार, १० एप्रिल

टोपी बसवायला ती आज आली. येईल असं वाटलं नव्हतं. माझ्याकडे न बघता कार्ड टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी सुई दिली आणि बधिर व्हायची वाट बघायला सांगून बाहेर गेले. हल्ली ते तिच्यासमोर हवामानाबद्दलसुद्धा मत देत नाहीत.

मी आत गेले, दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसले असते तर जमलं नसतं.

त्यानं लायसन्स काढून पुढे धरलं होतं. म्हणाला होता, "मॅडम, फोटोत मिशी आहे, आता नाही. बायकोनं काढायला लावली. पण मी तोच आहे." आणि हसला होता.

ती खुर्चीत आडवी होती. गळ्याशी कागदी रुमाल, डोक्यावर दिवा. मग ती कोपरांवर उठून बसली.

"मी?" म्हणाली. "मी काढायला लावली?"

मी मान डोलावली.

"खोटारडा. मी नको नको म्हणत होते. त्यानंच आरशासमोर एक बाजू जास्त कापली, मग सारखी करायला दुसरी कापली, मग परत पहिली, आणि शेवटी काही उरलंच नाही. आठवडाभर तोंड लपवून हिंडत होता. आणि पोलिसांत जाऊन नाव सांगतो माझं."

आणि ती हसायला लागली. ओठ एका बाजूनं बधिर, त्यामुळे हसू अर्ध्याच तोंडात मावत होतं आणि उरलेल्या बाजूनं लाळ गळत होती. मी रुमाल पुढे केला. तिनं तो घेतला आणि माझं बोटही सोडलं नाही.

आवाज ऐकून डॉक्टर धावत आले. काय झालं, विचारलं.

"भांडण," ती म्हणाली. "नवऱ्याशी."

मग पुन्हा आडवी झाली आणि आपणहून तोंड उघडलं.